समर्पण आणि त्याचा साक्षी : 'स्मृतिचित्रे'चे एक वाचन

धर्मांतराच्या आत्मकथनाला स्वतःचा असा एक संकेतव्यूह असतो. आधी अंधार, मग शंका, ग्रंथवाचन, अंतःकरणातील संघर्ष आणि अखेरीस प्रकाश, या क्रमाने ते उलगडते. निवेदक प्रकाशात उभा राहून मागे पाहत असल्यामुळे पूर्वायुष्यातील प्रत्येक घटना त्या अंतिम क्षणाची पूर्वसूचना ठरते. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनी आपल्या स्वलिखित चरित्राला 'अरुणोदय' हे नाव दिले, यातच हा व्यूह स्पष्ट होतो. अशा कथनात श्रद्धेचा संपूर्ण स्वीकार हा एका व्यक्तीचा आणि तिच्या ईश्वराचा प्रश्न असतो. घर, आप्त, जात यांचे स्थान अडथळ्याचे किंवा परीक्षेचे. त्यांच्या बाजूने पाहण्याची सोय या रचनेत नसते.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४–३७) हा व्यूह मोडते. मराठी समीक्षेने या ग्रंथाचा गौरव भरपूर केला; परंतु तो प्रामुख्याने निर्व्याज शैली, विनोद आणि चित्रदर्शित्व या गुणांसाठी. त्यातील ख्रिस्तनिष्ठा ही जणू चरित्रातील एक घटना, कलाकृतीच्या दृष्टीने आनुषंगिक, असे मानण्याकडे कल राहिला. वस्तुतः ज्या गुणांची स्तुती होते तेच या ग्रंथातील श्रद्धेचे स्वरूप ठरवतात. एकाने केलेल्या सर्वस्वसमर्पणाची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागते, हा या ग्रंथाचा गाभ्याचा प्रश्न आहे.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या चरित्रात हा कळसाचा क्षण आहे; 'स्मृतिचित्रे'त तो एका संसारावर कोसळलेला आघात आहे. पत्नीला विचारलेले नाही, तिला मानसिक तयारीची संधी नाही, पदरी लहान मूल आहे. पुढील काही वर्षे लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाने, त्यातील काही काळ पंढरपूरला, काढतात. येथे लक्षात घ्यावयास हवे ते असे, की धर्मांतरापूर्वीचे टिळकही निवेदनात याच वृत्तीचे दिसतात. हाती येईल ते देऊन टाकणारे, घरात उद्या काय शिजणार याचा हिशेब न ठेवणारे, मनात आले की चालते होणारे. त्यांचा ख्रिस्तस्वीकार या स्वभावाशी विसंगत नाही; त्याच स्वभावाची ती परिणती आहे. 'सर्वस्व' अर्पण करणाऱ्याच्या त्या 'स्व'मध्ये बायकोमुलेही धरलेली असतात, ही गोष्ट लक्ष्मीबाई तत्त्व म्हणून मांडत नाहीत. रिकामे डबे आणि चुकलेले हिशेब यांच्या हकीकतींतून ती वाचकाला कळत जाते.

लक्ष्मीबाईंचा स्वतःचा स्वीकार मात्र वेगळ्या वाटेने येतो, आणि ती वाट समजण्यासाठी ग्रंथाच्या आरंभाकडे वळावे लागते. १८५७ च्या प्रकरणात आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, ते इतके की घरात येणारे मीठ-साखरही धुतले जाई. कथनाची सुरुवात अशी स्पर्शाच्या भयाने होते. पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंचे स्वयंपाकपाणी काही काळ वेगळेच राहते. त्यांच्या मनाचे परिवर्तन घडते ते पापक्षमेच्या वा त्रैक्याच्या सिद्धांतावरील वादातून नव्हे. हे भेद देवाने केले की माणसाने, या साध्या प्रश्नातून ते घडते, आणि त्याचे पहिले फळ म्हणजे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची तयारी. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. माहेरच्या घरात धर्म जिथे वास करून होता, त्या पाण्याच्या भांड्यापाशीच तो बदलतो. आरंभीचे सोवळे आणि मध्यावरील हा निर्णय यांना जोडणारे भाष्य ग्रंथात नाही. तरी रचनेच्या पातळीवर ही दोन टोके एकमेकांना उत्तर देतात.

निवेदनाच्या दृष्टीने यात एक महत्त्वाची बाब आहे. लेखन करणारी लक्ष्मीबाई दृढ ख्रिस्ती आहे; पतीने आरंभलेले 'ख्रिस्तायन' त्याच्या पश्चात पुढे नेणारी कवयित्री आहे. तरीही ही निवेदिका पूर्वीच्या लक्ष्मीबाईचा संताप, भीती, अपमान यांना नंतरच्या श्रद्धेने दुरुस्त करीत नाही. 'तेव्हा मी अज्ञानी होते' असा सूर ती लावत नाही. विनोदाचे कार्य येथे आहे. पती आणि स्वतः या दोघांनाही हास्यास्पद होऊ देणारी ही दृष्टी कोणत्याही एका क्षणाला अंतिम मानत नाही. जिला आपली श्रद्धा सिद्ध करावयाची नाही तिलाच असे हसता येते. या अर्थाने विनोद हा या ग्रंथातील निष्ठेचा पुरावा ठरतो.

टिळकांच्या काव्यातही समर्पणाची संपूर्णता भाषेच्या पातळीवर गुंतागुंतीची आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, या आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ख्रिस्ताला वाहिलेले त्यांचे शब्द अभंगाच्या छंदात आणि आत्मनिवेदन-भक्तीच्या परिभाषेत येतात. समाज सोडावा लागला, भाषा सोडली नाही. १९१७ मध्ये मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात स्थान दिले, तेव्हा ख्रिस्ताशी पूर्ण निष्ठा आणि संस्थेशी पूर्ण निष्ठा या दोन गोष्टींतील अंतर त्यांनी कृतीने दाखविले.

तथापि या वाचनाची एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. टिळक दांपत्य ज्या ख्रिस्ती समाजात गेले, त्या अहमदनगर परिसरातील समाजात महार, मांग कुटुंबे मोठ्या संख्येने होती. ब्राह्मणाचे धर्मांतर 'त्याग' म्हणून वाचले जाते. त्यांचे धर्मांतर मात्र पुष्कळदा 'लोभ' म्हणून. गमावण्यासारखे सामाजिक स्थान असणे, हीच जणू मनःपूर्वक स्वीकाराची पूर्वअट! 'स्मृतिचित्रे'त ही माणसे येतात, क्वचित जिव्हाळ्यानेही येतात. पण कथनाचे केंद्र त्यांच्याकडे जात नाही. ज्या लेखिकेने पतीच्या समर्पणाची घरातून दिसणारी बाजू मराठीत प्रथमच एवढ्या निर्भयतेने लिहिली, तिच्या ग्रंथातही ज्यांची बाजू अलिखित राहिली असे साक्षी आहेत. श्रद्धेच्या संपूर्णतेचे मोजमाप केवळ सोडलेल्या गोष्टींवरून करावयाचे, की तिने मिळवून दिलेल्या माणूसपणावरूनही, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती साहित्याच्या समीक्षेने अजून पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही.