हिवाळी राजवाडा : मूळ प्रत कीं नक्कल?

सेंट पीटर्सबर्ग येथील हिवाळी राजवाडा हा हर्मिटेज संग्रहालयाचा मुख्य भाग होय. त्याच्या अंतर्भागाच्या शोभेची जी स्तुति सर्वत्र होते ती आम्हांस मान्य आहे. परंतु ती बहुधा सोन्याच्या मुलाम्यापाशींच थांबते. पोथ्यांच्या व्यासंगानें ज्यांची दृष्टि तयार झाली आहे, त्यांनीं या वास्तूस निराळा प्रश्न विचारावा : येथें मूळ किती व नक्कल किती?

रास्त्रेल्ली या वास्तुविशारदानें हा वाडा १७५४ ते १७६२ या काळांत उभारिला. १८३७ च्या डिसेंबरांतील आगींत त्याचा अंतर्भाग भस्मसात् झाला व जीर्णोद्धाराचें काम स्तासोव आणि ब्रिउलोव यांजकडे आलें. स्तासोवनें जॉर्डन नांवाचा भव्य जिना मूळ धाटणीस धरूनच पुन्हां सिद्ध केला. मात्र स्तंभ करड्या ग्रॅनाइटचे बसविले. हा पाठभेद खरा, पण त्यानें ग्रंथाचा अन्वय बिघडत नाहीं. ब्रिउलोवची रीति वेगळी. जळालेल्या जॅस्पर दालनाच्या जागीं त्यानें हिरव्या मॅलाकाइटचें दालन नव्यानेंच रचिलें. तेथील आठ स्तंभ अखंड शिळेचे भासतात. वस्तुतः उरल पर्वतांतील पाषाणाचे पातळ काप, रेषेस रेष जुळवून, वरून चिकटविलेले आहेत. यास प्रक्षेप म्हणून कोणी हिणवील. परंतु १९१७ सालीं रशियाच्या हंगामी सरकारच्या बैठका याच दालनांत झाल्या. प्रक्षेपच इतिहासाचें साधन झाला!

सर्वांत बोधप्रद उदाहरण लगतच्या इमारतींतील राफाएलच्या वीथिकेचें. व्हॅटिकनमधील चित्रित वीथिकेची ही नक्कल कॅथरिन राणीनें करविली. उंटरबर्गरच्या देखरेखीखालीं चित्रें कॅनव्हासवर उतरविलीं गेलीं, आणि १७८३ ते १७९२ या काळांत क्वारेंगीनें त्यांसाठीं इमारत बांधिली. नक्कल करतांना पोपच्या राजचिन्हाच्या जागीं रशियाचा द्विशिर गरुड आला. पुष्पिकेंतील यजमानाचें नांव खोडून लेखकानें आपल्या धन्याचें नांव घालावें, तसाच हा प्रकार. अशा बदलाची नोंद ठेवावी. तेवढ्यासाठीं पोथी मात्र टाकूं नये.

आमचा अभिप्राय असा कीं, या दालनांचें मोल त्यांच्या वयावर नसून हातावर आहे. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. तिच्या आधारास घेतलेली प्रत्येक पोथी नक्कलच होती. उत्तरकालीन म्हणून जी प्रत आपण बाजूस सारतों, तिचा लेखक कदाचित् स्तासोवच्या जातीचा असेल. तिचा बस्ता बांधण्यापूर्वीं ती एकवार पडताळून पाहावी, एवढीच संग्राहकांस विनंति.