विजयनगरचीं छायाचित्रें आणि दोन दिवसांचा प्रवासी

प्रवासवर्णनाची जागा आज प्रवासचित्रणानें घेतली आहे असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. पूर्वीं मनुष्य यात्रेहून परतला म्हणजे प्रसाद आणि चार गोष्टी घेऊन येई. आतां तो छायाचित्रें घेऊन येतो. या चित्रांची समीक्षा कोणी करीत नाहीं, कारण तीं घरगुती समजलीं जातात. परंतु ज्या चित्रांवरून असंख्य लोकांची एखाद्या प्राचीन नगराविषयींची समजूत बनते, तीं घरगुती म्हणून सोडून देणें बरें नव्हे. पुण्याकोल्हापुराकडील कुटुंबें जोडसुटी साधून ज्या हंपीला जातात, तिचेंच उदाहरण घेऊं.

दोन दिवसांत विजयनगर पाहून होत नाहीं, हा आक्षेप नेहमींचा आहे. पण तो मला फारसा महत्त्वाचा वाटत नाहीं. थोडका वेळ ही मर्यादा आहे, दोष नव्हे. खरा दोष असा कीं, प्रवासी तेथें पोहोंचण्यापूर्वींच त्याचें चित्र तयार झालेलें असतें. विठ्ठल मंदिराच्या प्रांगणांतील दगडी रथ त्यानें पुस्तकांत पाहिलेला असतो, मोबाइलवर पाहिलेला असतो, आणि २०१७ सालीं निघालेल्या पन्नासाच्या नोटेवरहि पाहिलेला असतो. तो रथापुढें उभा राहतो तो रथ पाहण्यासाठीं नव्हे, तर पाहिलेलें ताडून घेण्यासाठीं. जागा ठरलेली, कोन ठरलेला, उन्हाची वेळहि ठरलेली. आपलें चित्र पूर्वींच्या चित्राशीं जुळलें म्हणजे तें 'छान आलें'. यास नक्कल म्हणावें; निरीक्षण म्हणतां येणार नाहीं.

या रथाचें सर्वांत बोधप्रद चित्र १८५६ च्या सुमाराचें आहे. मद्रासच्या सैन्यांतील अलेक्झांडर ग्रीनलॉ या अधिकाऱ्यानें त्या वेळीं मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हांवर विजयनगरचे अवशेष टिपले. पुढें सव्वाशे वर्षांनंतर जॉन गॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकारानें त्याच जागांवर उभें राहून तींच दृश्यें पुन्हां घेतलीं. जॉर्ज मिशेल यांनीं संपादिलेल्या, २००८ सालच्या 'विजयनगर : स्प्लेंडर इन रुइन्स' या ग्रंथांत दोघांचीं चित्रें एकत्र पाहावयास मिळतात. ग्रीनलॉच्या चित्रांत रथाच्या माथ्यावर विटांचें शिखर आहे. आज तें नाहीं. ज्या रथाला आपण परिपूर्ण समजतों त्याचा माथाच गेलेला आहे, ही गोष्ट त्या जुन्या कागदानें सांगितली. ग्रीनलॉला तें शिखर सुंदर वाटलें कीं बेढब, हा प्रश्न गौण आहे. त्यानें तें गाळलें नाहीं, हें महत्त्वाचें. छायाचित्राची थोरवी पुष्कळदां या न गाळण्यांतच असते.

त्या चित्रांत एक गोष्ट मात्र फारशी दिसत नाहीं, ती म्हणजे हालतींचालतीं माणसें. मेणकागदावर चित्र उमटावयास कित्येक मिनिटें लागत. तेवढ्यांत समोरून जाणारा मनुष्य कागदावर राहणें कठीण. यंत्राची ही उणीव पुढें रसिकतेचा दंडक होऊन बसली. भग्न नगर म्हटलें कीं तें निर्मनुष्यच हवें! रॉबर्ट स्यूएल यानें १९०० सालीं आपल्या ग्रंथाला 'विस्मृत साम्राज्य' या अर्थाचें नांव दिलें. त्या काळींहि विरूपाक्षाची पूजा होत होती आणि यात्रा भरत होती. आजचा कॅमेरा डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत समोरची फुलवाली टिपूं शकतो. पण प्रवासी ती चौकटीबाहेर जाण्याची वाट पाहत बसतो, आणि ती न गेल्यास घरीं येऊन तिला चित्रांतून पुसून टाकतो.

हा केवळ रुचीचा प्रश्न असता तर एवढें लिहिण्याचें कारण नव्हतें. विरूपाक्षाच्या दीडशे फुटांहून उंच गोपुरासमोर जो बाजाररस्ता आहे, त्याच्या दुतर्फा असलेल्या जुन्या दगडी मंडपांत कुटुंबें राहत, दुकानें व खानावळी चालत. संरक्षित वास्तूंवरील अतिक्रमण म्हणून २०११ च्या जुलै महिन्यांत तीं हटविण्यांत आलीं. हंपीचा समावेश १९८६ पासून जागतिक वारशांत आहे, आणि वास्तूंचें रक्षण झालेंच पाहिजे, याविषयीं दुमत नाहीं. परंतु रस्ता मोकळा झाल्यामुळें आतां फोटो चांगले येतात असें समाधान जेव्हां कोणी मानतो, तेव्हां आपली सौंदर्यदृष्टि तपासून घ्यावीशी वाटते. बाजारासाठीं बांधलेल्या रस्त्यावर बाजार दिसणें विद्रूप आणि ओसाडी तेवढी सुंदर, हा निर्णय इतिहासाचा नव्हे. तो चित्रांनीं लावलेल्या संवयीचा आहे. २०११ पूर्वीं ज्यांनीं तीं दुकानें कटाक्षानें टाळलीं, त्यांनीं एक साक्ष कायमची गमावली. ग्रीनलॉच्या चित्रांतील विटांचें शिखर आणि त्या बाजारांतील एखादें घर यांचें मोल शंभर वर्षांनीं सारखेंच ठरेल.

मराठी प्रवाशापुरती आणखी एक कसोटी आहे. पंढरीचा विठोबा विजयनगरास नेला गेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनीं तो परत आणला, अशी आपल्याकडे परंपरागत कथा आहे. विठ्ठल मंदिराचा गाभारा आज रिकामा आहे. रथाचीं पन्नास चित्रें काढणारा आपला यात्रेकरू या गाभाऱ्यापुढें कॅमेरा उचलीत नाहीं, कारण तेथें टिपण्यासारखें कांहीं नाहीं. पण वारकऱ्यांच्या प्रदेशांतून आलेल्या माणसाला तेथें जें नाहीं तेंच अधिक बोलकें वाटावयास हवें. त्या काळोखाचें एक चित्र आणि त्याखालीं भानुदासांच्या कथेच्या दोन ओळी, हें त्याचें स्वतःचें असें विजयनगर झालें असतें.

एतावता दोन दिवसांच्या प्रवाशाकडे अधिक वेळाची किंवा भारी कॅमेऱ्याची मागणी करण्याचें कारण नाहीं. रथाचें चित्र त्यानें हौसेनें काढावें. मात्र त्याबरोबर आज जें आहे आणि उद्यां कदाचित् असणार नाहीं, त्याचेंहि एक चित्र काढावें. त्यांत माणसें आलीं तर येऊं द्यावींत, आणि खालीं स्थळ व तारीख लिहून ठेवावी. एवढें झालें तर घरगुती संग्रहांतील तें चित्र पुढील पिढीला इतिहासाचें साधन म्हणून उपयोगी पडेल.