पिरॅमिड गुलामांनी बांधले नाहीत. मग कुणी बांधले?

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी एक व्हिडिओ टाकला. शेवटचं वाक्य ठसक्यात होतं: पिरॅमिड गुलामांनी नाही, पगारी कामगारांनी बांधले. खाली काकांचा प्रश्न, "तुझ्या विषयातलंच आहे ना हे?"

तसं बघितलं तर नाही. माझी पीएचडी अठराव्या शतकातल्या मराठी मुलखातल्या वेठीवर आहे. दिवसभर मी मोडी कागद वाचत बसते. पण सरकारी कामाला लावलेली माणसं हा माझा रोजचा विषय, आणि काकांच्या व्हिडिओतलं वाक्य नेमकं त्याच माणसांबद्दल होतं. हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, माहितीपटात नाहीतर फेसबुकवर. म्हणून म्हटलं, एकदा त्याचा पुरावा नीट तपासून बघू.

आधी त्याचं श्रेय. हे वाक्य हवेतून आलेलं नाही. ते एका जुन्या आणि चुकीच्या चित्राला उत्तर म्हणून आलं. डोळ्यांसमोर आणा: साखळदंड, चाबूक, उन्हात कोसळणारी माणसं. हे चित्र आपल्या डोक्यात मुख्यतः सिनेमाने आणि बायबलमधल्या गोष्टीने बसवलं. खरं तर बायबलच्या त्या गोष्टीत पिरॅमिडचं नावही नाही, तिथे विटा आणि कोठारांची शहरं आहेत. आणि ज्या हिरोडोटसवर आपण खापर फोडतो, तो गिझाचा मोठा पिरॅमिड बांधून झाल्यावर दोन हजारांहून अधिक वर्षांनी इजिप्तला गेला. तिथे ऐकलेलं त्याने लिहिलं: एका वेळी १ लाख माणसं, तीन-तीन महिन्यांच्या पाळ्या, २० वर्षं. पण विकत घेतलेले गुलाम असं तो म्हणत नाही. राजाने सगळ्या इजिप्शियन लोकांना स्वतःच्या कामाला लावलं, असं म्हणतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता नवा पुरावा. तो तीन प्रकारचा आहे.

पहिला, कबरी. १९९० मध्ये गिझाच्या पठाराजवळ एका घोड्याचा पाय मातीत दबलेल्या भिंतीला अडखळला आणि कामगारांची दफनभूमी सापडली. झाही हवास यांनी ती खणली. उतारावर मुकादम-कारागिरांच्या जरा मोठ्या कबरी, खाली लहान. सांगाड्यांवर पाठीच्या आणि गुडघ्यांच्या झिजेच्या खुणा आहेत, तशीच नीट सांधलेली हाडंही आहेत, म्हणजे कुणीतरी उपचार केले होते. २०१० मध्ये आणखी कबरी मिळाल्या तेव्हा हवास यांचं म्हणणं होतं, की गुलाम असते तर राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत त्यांना पुरलं नसतं.

दुसरा, वसती. मार्क लेनर यांच्या चमूने पठाराच्या दक्षिणेला हैत अल-गुराब इथे एक अख्खं गाव उघडं केलं: लांबच लांब बराकींसारख्या इमारती, भट्ट्या, पाव भाजायची मडकी, गुरं आणि शेळ्या-मेंढ्यांची भरपूर हाडं. हे गाव मुख्यतः खाफ्रे आणि मेनकौरे यांच्या काळातलं, म्हणजे मोठ्या पिरॅमिडनंतरचं. तरी इतकं नक्की, की कामावरच्या माणसांना खायला मिळत होतं आणि त्यात मांसही होतं.

तिसरा पुरावा माझा सगळ्यात आवडता. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पिएर ताले यांच्या चमूला पपायरसचे तुकडे मिळाले. लिहिलेल्या पपायरसमध्ये आज माहीत असलेले हे सगळ्यात जुने, साधारण ४६०० वर्षांपूर्वीचे. राजा खुफू, त्याच्या राज्याचा अखेरचा काळ. त्यात मेरेर नावाच्या एका अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. हाताखाली सुमारे ४० माणसं. तुरा इथल्या खाणीतून पांढरा चुनखडीचा दगड नावेत भरायचा, नाईल आणि कालव्यांतून गिझाला न्यायचा, रिकामी नाव घेऊन परत यायचं. १० दिवसांत दोन-तीन खेपा. मुक्काम कुठे पडला, तेही लिहिलेलं आहे. राजाचा सावत्र भाऊ आंखहाफ देखरेखीला होता, त्याचंही नाव येतं. सोबत हिशेबाचे कागद: धान्य किती आलं, पाव किती, बिअर किती.

ताले आणि लेनर यांनी मिळून लिहिलेलं 'द रेड सी स्क्रोल्स' हे पुस्तक २०२१ मध्ये आलं. मिळालं तर जरूर वाचा. दगड वर कसे चढवले, या एकाच कोड्याभोवती ते फिरत नाही. बंदर, दोर, नांगर, डोंगरात कोरलेली कोठारं, नावा, भाकरी यांच्याबद्दल ते बोलतं. पिरॅमिड हा आधी व्यवस्थापनाचा पराक्रम होता, हे पुस्तक वाचताना पटत जातं. माझा आक्षेप या शोधावर नाही. मेरेरच्या ४० माणसांवरून पिरॅमिडवरच्या हजारोंवर आपण जी उडी मारतो, तिच्यावर आहे.

जरा बघा. मेरेर कोण? आपल्याकडचा शब्द वापरायचा तर मुकादम. ही मुकादमाची वही आहे. मुकादम वहीत काय लिहितो? वर दाखवायचं असतं ते: खेप झाली, मुक्काम इथे, शिधा इतका आला. कोण मनाविरुद्ध आला, कुणाचं शेत पडून राहिलं, हे लिहायला त्या वहीत रकानाच नाही. तिथे तक्रार दिसत नाही म्हणून तक्रार नव्हती, असं म्हणता येत नाही. शिवाय हे पथक मुरलेलं होतं, तुऱ्याहून गिझा आणि गिझाहून तांबडा समुद्र असं फिरणारं. पाळीवर चार दिवस येऊन दगड ओढणारा खेड्यातला माणूस या वहीत कुठून येणार?

कबरींचंही तेच. पिरॅमिडशेजारी पुरले गेले ते बहुतेक तिथेच बायकापोरांसह राहणारे, कायमचे लोक. बाया आणि मुलंही त्या दफनभूमीत आहेत. पाळी संपवून गावी परतलेला माणूस गावीच मेला असणार. त्याची कबर गिझाला सापडायची नाही.

आणि जेवण! सगळ्यात जास्त टाळ्या घेणारा पुरावा हाच: त्यांना मांस आणि बिअर मिळायची, म्हणजे ते गुलाम नव्हते. अहो, ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याला खायला घालावंच लागतं. वेठीवरच्या माणसालाही काही वेळा शिधा मिळायचा. शिधा मिळाला म्हणून वेठ ही नोकरी होत नाही. शिधा माणसाचं पोट भरतो, पण 'मी येत नाही' म्हणायची मुभा त्याला होती का, हे त्या शिध्यावरून कळत नाही. आणि पगारी म्हणजे काय, हाही प्रश्न आहेच. त्या काळी इजिप्तमध्ये नाणीच नव्हती.

मग सक्ती होती याचा पुरावा कुठे शोधायचा? इथे मला माझे मोडी कागद उपयोगी पडले. मराठी कागदांत वेठ मला बऱ्याचदा भेटते ती माफीत. एखाद्याला इनाम दिलं की सनदेत यादी येते: हे कर माफ, ते कर माफ, वेठबेगार माफ. ज्याला माफी मिळाली त्याचा कागद राहतो. ज्याला मिळाली नाही तो वेठीला जातो, आणि त्याचं नाव कुठेच राहत नाही. म्हणून माफीचा कागद दिसला की मी विचारते, मग बाकीच्यांचं काय?

इजिप्तमध्येही असेच कागद आहेत, फक्त दगडावर कोरलेले. खुफूनंतर साधारण शंभरेक वर्षांनी नेफेरिरकारे नावाच्या राजाचा एक हुकूम अबायडोसच्या देवळासाठी निघाला. तो दगड आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे. इथल्या पुजाऱ्यांना आणि देवळाच्या शेतावरच्या माणसांना कुणी सरकारी कामाला ओढून न्यायचं नाही, असं त्यात बजावलंय. हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा काय? त्याला स्वतःलाच कामावर पाठवायचं. पुढेही देवळांना अशा माफ्या मिळत राहिल्या. ओढून नेण्याची रीतच नसती, तर राजाला मनाई दगडावर कोरून ठेवायची गरज का पडावी?

आणखी पुढच्या काळातला एक पपायरस ब्रुकलिनच्या संग्रहालयात आहे. बाराव्या घराण्याच्या अखेरच्या काळातला, म्हणजे राजे अजून पिरॅमिड बांधत होते तेव्हाचा. त्यात सरकारी कामावरून पळालेल्या पाऊणशेच्या आसपास माणसांची यादी आहे. नावासकट. आणि त्याच सुमारास लोक कबरीत छोट्या बाहुल्या ठेवू लागले. मेल्यावर परलोकात कामाचं बोलावणं आलं, तर आपल्याऐवजी ही बाहुली 'हजर' म्हणेल, अशी व्यवस्था. मेल्यावरही पाळी चुकत नाही, ही धास्ती कशाची असेल?

हे पुरावे खुफूच्या काळातले नाहीत, हे मी झाकून ठेवत नाही. नंतरच्या कागदांवरून आधीचा काळ सिद्ध होत नाही. पण ते एक शक्यता भक्कम करतात. मोजके, कायमचे, मान असलेले कारागीर होते. त्यांच्याभोवती गावागावांतून पाळीपाळीने बोलावलेली पुष्कळ माणसं होती. ती कुणी विकत घेतलेली नव्हती, आणि त्यांना नाही म्हणायची सोयही नव्हती. आता हिरोडोटसकडे परत या. तो जवळजवळ हेच सांगत होता.

यावर कुणी म्हणेल, कामगारांना अभिमान होता, त्याचं काय? मोठ्या पिरॅमिडच्या आतल्या दगडांवर टोळ्यांची नावं रंगवलेली आहेत, त्यात 'खुफूचे मित्र' अशा अर्थाचंही नाव आहे. अभिमान असेलही. सक्तीने नेलेला माणूसही आपल्या टोळीचा दगड आधी पोचला की खूश होतो. अभिमान आणि सक्ती एकाच माणसात राहू शकतात.

मला हे इतकं का टोचतं, ते सांगते. 'गुलाम की पगारी' असा दोनच पर्यायांचा प्रश्न बहुतेक इंग्रजी माहितीपटांतून आपल्याकडे येतो, आणि आपण त्यातला एक निवडून मोकळे होतो. पण आपल्या भाषेत या दोघांच्या मधल्या माणसासाठी शब्द आहे. वेठ. आजही एखाद्यावर सक्ती केली की आपण म्हणतो, वेठीला धरलं. ज्यांच्या पणजोबांनी ती केली, त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. गुलामगिरीचं चित्र पुसताना त्या जागी सुखी कामगाराचं चित्र लावलं, तर हा माणूस दुसऱ्यांदा कागदावरून पुसला जातो.

काकांना मी एवढंच लिहिलं: "व्हिडिओ अर्धा बरोबर आहे. गुलाम नव्हते. पण सुट्टी मागता येत होती का, ते विचारा."

काकांचं उत्तर आलं, "म्हणजे वेठबिगार म्हण ना सरळ!"

हो काका. पुरावा अजून अपुरा आहे, पण पैज लावायची तर मी त्याच शब्दावर लावेन.