हातातली शिट्टी

“मामा, शिट्टी तोंडात धरायची नसते, हातात धरायची,” मैदानाकडे चालताना भाची म्हणाली. वय 14, अंगात पिवळा शर्ट, मनगटावर दोन घड्याळं. न्यू जर्सीतली शनिवारची सकाळ. नऊ-दहा वर्षांच्या मुलींचा सामना, 7-7 जणींचे संघ, 25 मिनिटांची दोन सत्रं. अमेरिकेत तेराव्या वर्षापासून सॉकरची, म्हणजे फुटबॉलची, ग्रासरूट्स रेफरी, म्हणजे पायाच्या पातळीवरची पंच, होता येतं. थोडा अभ्यास घरी ऑनलाइन, बाकीचा मैदानात प्रशिक्षकासमोर. मग दर सामन्यामागे मानधन. बऱ्याच मुलांची आयुष्यातली ही पहिली कमाई.

शिट्टी हातात का, ते मला खेळ पाहताना उमगलं. तोंडातली शिट्टी डोळ्यांनी पाहिल्याबरोबर वाजते. हातातली ओठांपर्यंत यायला क्षणभर घेते, आणि पंचाचा सगळा विचार त्या क्षणात मावतो.

दुसऱ्या सत्रातला एक प्रसंग सांगतो. लाल संघातली मुलगी चेंडू घेऊन निघाली होती. मागून दुसरीचा पाय लागला, ती कोलमडली; पण पडता पडता तिने चेंडू मैत्रिणीकडे ढकलला. कडेला उभे असलेले पालक ओरडले, “फाउल!” भाचीचा हात कमरेपासून निघाला आणि छातीपाशी थांबला. नजर पडलेल्या मुलीवरून चेंडूकडे गेली. एक... दोन... पुढचीला मोकळी वाट मिळाली, तसे भाचीने दोन्ही हात पुढे पसरले: “प्ले ऑन!” फटका खांबाच्या बाहेरून गेला. पालक पुन्हा ओरडले, आता तरी फ्री किक दे. तिने शांतपणे गोल किकची खूण केली.

या खेळाच्या 17 नियमांत मला सर्वांत सुंदर वाटतं ते हे ॲडव्हान्टेजचं कलम. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं शिक्षेमुळे आणखी नुकसान होऊ नये, एवढं साधं त्याचं मर्म. अपेक्षित फायदा तेव्हाच किंवा काही सेकंदांत मिळाला नाही, तर पंच मूळ फाउलकडे परत जाऊ शकतो. इथे मात्र फटक्याची संधी मिळाली होती. ती दवडली गेली, त्याची भरपाई पंचाने करायची नसते. भाचीने ही बारीक रेघ धावता धावता ओळखली. चेंडू आणायला कुणीतरी गेलं तेवढ्यात ती मागून पाय घालणाऱ्या मुलीजवळ गेली, किंचित वाकली आणि दोन शब्द बोलली. मुलीने मान हलवली. फाउल सुटला नव्हता, फक्त त्याची वेळ तिने निवडली होती.

पंचाच्या या कलेला घडवणारी दोन मोठी माणसं शाळेतून आली, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. 1938 मध्ये खेळाचे नियम नव्याने लिहून काढणारे स्टॅनले राउस त्याआधी वॉटफर्डमध्ये शिक्षक होते. 1962 च्या विश्वचषकातला चिली–इटली हा हाणामारीचा सामना सांभाळणारे केन ॲस्टनही शिक्षकच. पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना त्यांची. 1970 च्या विश्वचषकात ती पहिल्यांदा वापरात आली. उत्तरायुष्यात ॲस्टन अमेरिकेतल्या मुलांच्या सॉकर संघटनेत पंच घडवत राहिले. वर्गात कुणाला केव्हा टोकायचं आणि केव्हा नुसतं बघायचं, हे शिक्षकालाच कळतं. भाची त्याच वर्गात उभी होती, फक्त विद्यार्थिनींहून ती चार-पाच वर्षांनीच मोठी.

शेवटी शेवटी एका मुलीने सवयीने चेंडू डोक्याने मारला. या वयाला अमेरिकेत हेडरला मनाई आहे. आता शिट्टी लगेच वाजली. इथे थांबण्यासारखं काही नव्हतंच. अप्रत्यक्ष फ्री किक. भाचीचा हात सरळ आभाळाकडे गेला आणि चेंडूला दुसऱ्या खेळाडूचा स्पर्श होईपर्यंत तसाच उभा राहिला. शब्दाविना सगळ्यांना कळलं की इथून थेट गोल होणार नाही.

ओरडणाऱ्या मोठ्यांपायी कितीतरी मुलं हे काम वर्षा-दोन वर्षांत सोडतात. ते ओरडणं ऐकूनही हात छातीपाशी थांबवता येणं, ही चौदाव्या वर्षी फार मोठी कमाई आहे. गाडीत बसताना मी तिला त्या प्रसंगाबद्दल विचारलं. बोटावरची शिट्टी काढत ती म्हणाली, “वाजवली असती ना मामा, तर तिच्या मैत्रिणीला गोल मारायची संधी मीच दिली नसती.”