पंचवीस घरांचें वाचन

वाचनाचा व्याप वाढवावा, असें प्रत्येक सुशिक्षित मनुष्याला वाटत असतें. परंतु तो वाढवावयाचा म्हणजे नेमकें काय करावयाचें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. वय वाढतें तसतसा वाचक आपल्या आवडीच्या चार ग्रंथकारांभोंवतीं कुंपण घालून बसतो, आणि त्या कुंपणालाच अभिरुचि असें भारदस्त नांव देतो. आमची अवस्था याहून निराळी नव्हती. तीस वर्षें कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकविल्यावर काय वाचावें याचा निर्णय एकदांचा झाला, आतां तेंच पुन्हां वाचावयाचें, अशी आमची समजूत झाली होती. गेल्या वर्षीं तिला धक्का बसला. तो कसा बसला व त्यांतून काय निष्पन्न झालें, हें येथें सांगावयाचें आहे.

इंग्रजी अद्भुतकथांच्या वाचकांत अलीकडे एक परिपाठ पडला आहे. पांच ओळींचा व पांच रकान्यांचा एक तक्ता घ्यावयाचा. त्याच्या पंचवीस घरांपैकीं प्रत्येकांत पुस्तकाचा एकेक प्रकार लिहिलेला असतो: कोठें भाषांतरित ग्रंथ, कोठें लेखकाची पहिली कादंबरी, कोठें लघुकथांचा संग्रह, कोठें त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक. १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंतच्या बारा महिन्यांत हीं घरें भरावयाचीं. एका लेखकाला तक्त्यांत एकदांच प्रवेश. पूर्वी वाचलेलें पुस्तक फार तर एका घरापुरतें चालतें. हेतु एवढाच कीं, वाचकानें आपण होऊन जें उचललें नसतें, तेंहि त्याच्या हातीं यावें.

हा तक्ता आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनें आम्हांला आणून दिला. एम्. ए. च्या वेळीं तिला अद्भुतकथांवर प्रबंध लिहावयाचा होता. “हें मुलांचें खाद्य आहे, कांहीं गंभीर विषय घ्या,” असें सांगून आम्हीं तिला परत पाठविलें होतें. तिनें मुकाट्यानें एका नावाजलेल्या वास्तववादी कादंबरीकारावर प्रबंध लिहिला व पहिला वर्ग मिळविला. त्यानंतर तिनें वाङ्मयावर एक ओळहि लिहिली नाहीं. “सर, एक वर्ष वाचून तर पाहा,” एवढेंच ती या खेपेस म्हणाली. तिच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच तो तक्ता आम्हांला टाकून देववला नाहीं.

आमच्या नकारामागें आमच्या मतें शास्त्र होतें. मराठी कादंबरीचा इतिहास आम्ही जसा शिकलों तसाच शिकवीत आलों. १८६१ ची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ ची ‘मंजुघोषा’ हें तिचें बालपण. हरिभाऊ आपट्यांच्या हातीं ती वयांत आली, आणि अद्भुताचीं खेळणीं टाकून घरांतल्या दुःखाकडे पाहूं लागली. हरिभाऊंच्या थोरवीविषयीं वाद नाहीं. परंतु हळब्यांची व रिसबुडांची अद्भुतकथा कच्ची होती, एवढ्यावरून अद्भुत हेंच कच्चें, असें अनुमान आम्हीं काढलें होतें. आणि त्यांतला दोष तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गांतल्या मुलालाहि दिसला असता. शिवाय याच तोंडानें आम्ही भरताच्या आठ रसांत अद्भुताची गणना करीत होतों, विस्मय हा त्याचा स्थायीभाव म्हणून सांगत होतों, आणि नाटकाच्या निर्वहणसंधींत अद्भुत रस असावा हें भरताचें मतहि विद्यार्थ्यांच्या वह्यांत उतरवून देत होतों. रस मान्य, पण त्या रसाचा ग्रंथ अमान्य, अशी ही व्यवस्था होती.

पहिले चार महिने आमचा पूर्वग्रह मोठ्या सुखांत होता. टोल्किनचा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्यें तीन भागांत प्रसिद्ध झाला. त्याच्या अनुकरणाचें पीक अद्यापि ओसरलेलें नाहीं. आम्हीं प्रथम वाचलेल्या नऊ पुस्तकांपैकीं पांचांत एक पोरका मुलगा, एक पांढऱ्या दाढीचा गुरु, एक पुरातन तलवार आणि एक काळा राजा भेटला. नकाशा तर प्रत्येकाच्या आरंभीं होताच. घरें निराळीं, पण पाहुणा एकच. तक्त्याचा पहिला दोष येथें दिसला: तो पुस्तकांच्या चिठ्ठ्या बदलतो, आंतला माल बदललाच असेल असें नाहीं.

या अनुकरणाचें पाप मात्र टोल्किनच्या माथीं मारतां येणार नाहीं. १९३९ सालीं सेंट अँड्र्यूज येथें दिलेल्या व्याख्यानांत त्यानें या प्रकाराची जी मीमांसा केली, ती आम्हीं याच सुमारास वाचली. परीकथांचा मुलांशीं स्वभावतः कांहींच विशेष संबंध नाहीं. मोठ्यांना नकोसें झालेलें जुनें सामान मुलांच्या खोलींत जाऊन पडावें, तशा त्या तेथें जाऊन पडल्या, असें तो म्हणतो. वास्तवापासून पलायन या आक्षेपालाहि त्याचें उत्तर आहे: तुरुंगांतला कैदी बाहेरच्या जगाचा विचार करतो, म्हणून त्याला रणांगणांतून पळालेल्या शिपायाच्या पंक्तीला बसवूं नये. ‘मुलांचें खाद्य’ हे आमचे शब्द तें वाचतांना आमच्याच कानांत वाजले.

पांचव्या महिन्यांत अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेचें ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) हातीं आलें. त्याचा नायक गेड हा गोंट बेटावरचा एक पोर. रोक बेटावरील मांत्रिकांच्या विद्यालयांत तो शिकतो, आणि एका सहाध्यायाला खालीं पाहावयास लावण्याच्या ईर्षेनें नको तो मंत्र म्हणून एक छाया जगांत मोकळी सोडतो. पुढें ती छाया त्याच्या मागें लागते. मग तो तिच्या मागें लागतो. आणि दूर समुद्रांत तिला गांठल्यावर तो तिला स्वतःच्याच नांवानें हांक मारतो. या जगांत वस्तूचें खरें नांव जाणणें हीच विद्या आहे. येथें काळा राजा नाहीं. शत्रु आहे तो नायकाच्याच अहंकारांतून निघालेला. हीच गोष्ट वास्तववादी कादंबरीकाराला शंभर पानांच्या मनोविश्लेषणानें सांगावी लागली असती, आणि तरीहि ती इतकी सोपी व इतकी भयंकर झाली नसती.

तक्त्याच्या नियमाप्रमाणें या लेखिकेचें दुसरें पुस्तक मोजतां येत नव्हतें. तरी आम्हीं तिचीं पुढचीं पुस्तकें वाचलीं. पहिले तीन भाग १९७२ पर्यंत पुरे झाले होते. त्यांतील मंत्रविद्येचें विद्यालय केवळ पुरुषांचें. बायकांची विद्या ती गांवढळ व हलकी. १९९० सालीं, अठरा वर्षांनीं, ले ग्विन ‘टेहानू’मध्यें त्याच जगांत परत आली, ती मात्र एका शेतकऱ्याच्या विधवेच्या स्वयंपाकघरांतून. तेथें महापराक्रमी गेड सर्व सामर्थ्य गमावून येतो, आणि कथेच्या केंद्रस्थानीं असते आगींत भाजलेली एक लहान मुलगी. लेखिकेनें आपलें जुनें जग मोडलें नाहीं. त्यांत उंबऱ्याबाहेर कोणाला ठेवलें होतें, तें तिनें पाहिलें. वाचनाचा व्याप वाढणें म्हणजे काय, याचा पहिला धडा आम्हांला येथें मिळाला; आणि तो देणारें पुस्तक तक्त्याच्या हिशेबांत बसत नव्हतें.

दुसरा धडा नायजेरियाच्या आमोस टुटुओलाचा. त्याचें ‘द पाम-वाइन ड्रिंकर्ड’ हें पुस्तक १९५२ सालीं लंडनच्या फेबर अँड फेबरनें काढलें. ताडी काढणारा आपला माणूस मेला, म्हणून त्याला परत आणण्यास मृतांच्या गांवीं निघालेल्या एका व्यसनी मनुष्याची ही गोष्ट. तींत बाजारांत येणारा एक परिपूर्ण सद्गृहस्थ आहे. एक तरुणी त्याच्या रूपाला भुलून मागोमाग जाते. वाटेंत तो भाड्यानें आणलेला एकेक अवयव ज्याचा त्याला परत करीत जातो, आणि शेवटीं नुसती कवटी उरते. ही कल्पना योरुबा लोककथांच्या परंपरेंतली; इंग्रजी मात्र व्याकरणाचा धाक न मानणारें. परदेशांत डिलन टॉमससारख्या कवीनें या पुस्तकाची स्तुति केली. स्वदेशांतल्या कित्येक सुशिक्षितांना मात्र त्या इंग्रजीची लाज वाटली. खरें सांगावयाचें तर पहिलीं वीस पानें आमचाहि हात तांबड्या पेन्सिलीकडे जात होता. पुढें तो थांबला, कारण चुका दुरुस्त केल्या असत्या तर आवाजच गेला असता.

फेब्रुवारी उजाडला तेव्हां सात घरें रिकामीं होतीं, आणि येथें आमची अप्रतिष्ठा सांगितलीच पाहिजे. आम्ही पुस्तकें पाठीच्या रुंदीवरून निवडूं लागलों. सुसाना क्लार्कची ‘पिरानेझी’ (२०२०) ही कादंबरी केवळ लहान म्हणून घेतली व दोन बैठकींत उरकली. तिचा निवेदक एका अनंत दालनांच्या वास्तूंत राहतो. खालच्या दालनांत समुद्र, वरच्यांत ढग, मधल्यांत पुतळे. भरतीच्या वेळा तो टिपून ठेवतो, पुतळ्यांची नोंद करतो, आणि ही वास्तु आपला सांभाळ करते म्हणून कृतज्ञ असतो. आपण येथें कसे आलों, हें त्याला आठवत नाहीं, याची जाणीव वाचकाला त्याच्या आधीं होते. एकेका पुतळ्यापुढें थांबणाऱ्या मनुष्याची कथा आम्ही घड्याळाकडे पाहत वाचीत होतों. तक्त्याचा दुसरा व मोठा दोष हा: तो वाचकाला हळूहळू कारकून करून सोडतो.

शेवटचें घर पूर्वी वाचलेल्या पुस्तकासाठीं राखलें होतें. बी. ए. ला असतांना वेंचे वाचून सोडून दिलेला सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ आम्हीं काढला, आणि टॉनीचें इंग्रजी भाषांतर शेजारीं ठेवून पहिला लंबक वाचला. त्यांतली गुणाढ्याची कथा आमच्या वाचकांना ठाऊक असेल. प्रतिष्ठान, म्हणजे आपलें पैठण, येथील सातवाहन राजाला संस्कृत येत नसे. राणीनें त्यावरून त्याला हिणविलें. सहा महिन्यांत राजाला संस्कृत शिकविण्याची पैज दुसऱ्या पंडितानें जिंकली, आणि गुणाढ्याला संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडाव्या लागल्या. उरली पैशाची. तींत त्यानें अरण्यांत सात वर्षें स्वतःच्या रक्तानें सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली. पिशाचांची भाषा म्हणून राजानें ती झिडकारली. मग गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी व अग्नींत टाकी. जनावरें चरणें सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत. राजाला कळलें तेव्हां एकच लक्ष श्लोक शिल्लक होते.

पूर्वी ही कथा आम्हीं चमत्कार म्हणून वाचली होती. या वेळीं लक्ष गेलें तें राजाकडे. तो अडाणी होता म्हणून त्यानें ग्रंथ नाकारला नाहीं. नुकताच विद्वान झाला होता, म्हणून नाकारला. टुटुओलाची लाज वाटणाऱ्यांचें तेंच, आणि विद्यार्थिनीला परत पाठविणाऱ्या प्राध्यापकाचेंहि तेंच. उसन्या विद्येचा मान सांभाळण्यासाठीं आपण कांहीं तरी हीन ठरवितों, आणि बहुधा तें आपल्या घरचेंच असतें. अद्भुतावरचा आमचा राग वाङ्मयीन नव्हता. तो मानापमानाचा होता.

आमच्या तक्त्याचा हिशेब असा: पंचवीसांपैकीं वीस मूळ इंग्रजी, चार इंग्रजींत भाषांतरित, एक संस्कृत. मराठी एकहि नाहीं. व्याप वाढविण्यास निघालेल्या मराठी वाचकाच्या पदरीं हा आंकडा यावा, यांत तक्त्याचा अपराध थोडा व आमचा अधिक. तेव्हां ज्यांना असें वर्ष काढावयाचें असेल, त्यांना आमचें सांगणें इतकेंच कीं, तक्ता अवश्य घ्यावा, कारण अनोळखी दारापर्यंत तो नेतो. परंतु दार उघडल्यावर घाई करूं नये. दहा घरें रिकामीं राहिलीं तरी हरकत नाहीं. आणि एखादें घर तरी जी. ए. कुलकर्ण्यांच्या ‘रमलखुणा’साठीं (१९७५), एखादें थेट ‘मुक्तामाले’साठीं ठेवावें, तिचा कच्चेपणा डोळ्यांआड न करतां, पण नाक न मुरडतां.

भरलेला तक्ता आम्हीं त्या विद्यार्थिनीकडे पाठविला, आणि तिचा विषय नाकारण्यांत आमची चूक झाली, असें सोबतच्या पत्रांत स्पष्ट लिहिलें. तो प्रबंध ती आतां लिहील असें नाहीं. तिला संसार आहे, नोकरी आहे, आणि तो काळ आम्हांला परत देतां येत नाहीं. गुणाढ्याचे सहा लक्ष श्लोक राजालाहि परत मिळाले नाहींत. उरलेलें लक्ष त्यानें जपलें, एवढें मात्र त्याच्या पदरीं घातलें पाहिजे. यंदा आम्ही तक्ता घेतलेला नाहीं. ‘कथासरित्सागरा’चे सतरा लंबक वाचावयाचे राहिले आहेत.