तेरच्या गोरोबाकाकांचें चरित्र : साधनांची एक परीक्षा

धाराशिव जिल्ह्यांतील तेरणेकांठचें तेर हें गांव दोन कारणांनीं संशोधकांस परिचित आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेंतील प्रवासग्रंथांत आलेलें तगर नगर तें हेंच, असें फ्लीटनें इ. स. १९०१ मध्यें प्रतिपादिल्यापासून तेथील विटांचीं देवालयें व मातींतून निघणारे प्राचीन अवशेष यांकडे विद्वानांचें लक्ष लागलें. दुसरें कारण म्हणजे संत गोरोबा कुंभार. यांपैकीं पहिल्या विषयांत कुदळ चालली, थर मोजले गेले, आणि कोणती वस्तु कोणत्या थरांत सांपडली याची नोंद होऊं लागली. दुसऱ्या विषयांत मात्र सर्व थर एकत्र कालवून चरित्र सांगण्याचीच वहिवाट पडली आहे. श्रद्धाळु वाचकास त्यानें कांहीं उणें पडत नाहीं. परंतु इतिहास म्हणून जेव्हां तें चरित्र पुढें मांडलें जातें, तेव्हां त्याचीं साधनें पारखून घेणें प्राप्त आहे. प्रस्तुत लेखाचा हेतु एवढाच.

१. प्रचलित चरित्र

गोरोबांचा जन्म शके ११८९ (इ. स. १२६७) आणि समाधि शके १२३९ चैत्र वद्य १३ (इ. स. १३१७), असें सामान्यतः सांगण्यांत येतें. चरित्रांतील प्रसंग मुख्यतः दोन. पहिला असा कीं, भजनाच्या तंद्रींत चिखल तुडवीत असतां त्यांचें तान्हें मूल पायांखालीं येऊन चिखलांत मिसळून गेलें. पुढें संसारांतील एका शपथेपायीं गोरोबांनीं आपले हात तोडून घेतले. आणि पंढरपुरीं कीर्तनाच्या रंगांत हात व मूल दोन्ही परत लाभलीं. दुसरा प्रसंग संतमेळ्यांतील परीक्षेचा. ज्ञानदेव, नामदेव, मुक्ताबाई आदि मंडळी जमली असतां गोरोबांनीं थापटण्यानें एकेकाच्या मस्तकावर ठोकून पाहिलें. इतर शांत राहिले, नामदेवांस मात्र तें सहन झालें नाहीं. तेव्हां हें मडकें कच्चें आहे असा निर्णय गोरोबांनीं दिला. पुढें नामदेव विसोबा खेचरांकडे जाऊन गुरूपदेश घेते झाले.

या दोन प्रसंगांत दोन निरनिराळे गोरोबा दिसतात. एक आहे देहभान हरपलेला, स्वतःस शासन करून घेणारा भक्त. दुसरा आहे सर्वांत वडील, ज्याच्या निर्णयापुढें नामदेवांसहि मान लववावी लागली असा पारखी. ‘काका’ ही उपाधि दुसऱ्यास शोभते. छापील चरित्रांनीं व चित्रांनीं मात्र पहिल्यासच पुढें आणलें आहे. हें न्याय्य आहे काय, हा आपला मुख्य प्रश्न होय.

२. तिथींविषयीं

प्रथम तिथि पाहूं. नामदेवांचा जन्म शके ११९२ व ज्ञानदेवांचा शके ११९७ धरिला जातो. ज्ञानदेवांची समाधि शके १२१८ मधील. परीक्षेच्या वेळीं ज्ञानदेव हजर होते असें कथा सांगते, तेव्हां ती शके १२१८ पूर्वीं घडली पाहिजे. म्हणजे त्या वेळीं गोरोबांचें वय फार तर एकोणतीस, आणि नामदेवांहून ते अवघे तीन वर्षांनीं मोठे. एकोणतिशींतील पुरुषास सर्व मेळ्यानें काका म्हणावें हें अशक्य नाहीं. पण येथें एक शंका येते. गोरोबा सर्वांत वडील होते ही समजूत आधींची, आणि तिला साजेल असा जन्मशक मागाहून बसविला, असा तर क्रम नसेल ना ? तसें असल्यास वडीलकीचा पुरावा म्हणून जन्मशक देणें व जन्मशकाचा पुरावा म्हणून वडीलकी देणें, हें चक्र होईल. माझ्या मतें शके ११८९ हा अंक स्वतंत्र प्रमाण म्हणून वापरूं नये. समाधीच्या तिथीची गोष्ट थोडी वेगळी आहे. जेथें समाधीपुढें वर्षानुवर्षें उत्सव होतो, तेथें शक विसरला तरी मास व तिथि लोक सहसा विसरत नाहींत.

३. साधनांचे थर

आतां ग्रंथ. चरित्राचा आज सर्वतोमुखीं असलेला साचा महीपतींच्या ‘भक्तविजया’चा. तो ग्रंथ इ. स. १७६२ मध्यें पुरा झाला. म्हणजे परंपरेनें मानलेल्या समाधिशकापासून ४४५ वर्षांनीं. महीपति प्रामाणिक ग्रंथकार होते. आपण नाभाजी व उद्धवचिद्घन यांच्या आधारें लिहितों असें ते स्वतःच सांगतात. तेव्हां दोष त्यांचा नव्हे. त्यांच्या ओवीस समकालीन साक्ष मानणाऱ्यांचा आहे.

त्यामागचा थर नामदेवांच्या नांवावरील अभंगांचा. येथें पुष्कळ अभ्यासक निःशंक होतात. ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा आहे, नामदेव तर प्रत्यक्ष साक्षी, मग आणखी काय पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. पण नामदेवांच्या मराठी अभंगांचीं आज ज्ञात असलेलीं जुनीं हस्तलिखितें सोळाव्या शतकाच्या अखेरीचीं आहेत. मध्यें सुमारें अडीच शतकें हे अभंग कीर्तनकारांच्या मुखांत व बाडांत वाढत होते. त्या अवधींत विष्णुदास नामा होऊन गेले, आणि त्यांची रचना मूळ नामदेवांच्या रचनेंत मिसळली हें तर सर्वमान्यच आहे. तात्पर्य, मुद्रा ही सही नव्हे. कोणाच्या वाणीनें हा अभंग गावयाचा एवढेंच ती सांगते. कोणाच्या हातानें तो लिहिला गेला हें सांगत नाहीं.

तिसरा थर खुद्द गोरोबांच्या नांवावरील अभंगांचा. छापील गाथांत ते सुमारें वीस आहेत. त्यांतील बऱ्याच अभंगांत निर्गुणाच्या अनुभवाची भाषा आहे, आणि कांहींत नामदेवांस उद्देशून बोध केलेला आहे. यांतील एका अभंगाकडे लक्ष वेधावयाचें आहे. केशवाचें ध्यान मनीं धरून मातींत नाचणाऱ्या भक्ताचें त्यांत वर्णन येतें, आणि शेवटीं कुंभाराच्या कुळांत जन्मलेला तो गोरा, असा उल्लेख तृतीयपुरुषीं होतो. येथें बोलणारा गोरोबा नसून गोरोबांविषयीं सांगणारा कोणी दुसराच आहे, असें समजण्यास जागा आहे. कवि स्वतःचा असा उल्लेख करूं शकतो हें खरें. परंतु चिखलाच्या प्रसंगाचें बीज नेमकें याच अभंगांत आहे, आणि त्यांत मुलाचा वा हातांचा उल्लेख नाहीं, हें विसरतां येत नाहीं.

४. एक परदेशीं उदाहरण

साक्षीदाराचें बोलणें आणि चरित्रकाराचें बोलणें एकमेकांत कसें मिसळतें, हें कागदोपत्रीं पाहावयाचें असेल तर अमेरिकेंतील मॉर्मन पंथाच्या आद्य पुढाऱ्यांचीं चरित्रें पाहावीं. हा पंथ आपल्याकडे अगदींच अश्रुत नव्हता. त्याचा ह्यू फिंडले नांवाचा प्रचारक इ. स. १८५२ ते १८५५ च्या दरम्यान मुंबई व पुणें येथें खटपट करून गेला. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ २७ जून १८४४ रोजीं कार्थेज येथील तुरुंगांत जमावाच्या हातून मारला गेला. त्याचा ‘इतिहास’ त्याच्या हयातींत लेखकांकरवीं लिहविला जात होता, पण मृत्यूसमयीं तो इ. स. १८३८ पर्यंतच येऊन ठेपला होता. उरलेला भाग विलर्ड रिचर्ड्स, जॉर्ज ए. स्मिथ प्रभृति अनुयायांनीं इ. स. १८५६ पर्यंत पुरा केला. त्यांनीं काय केलें ? निरनिराळ्या लोकांच्या रोजनिशींत ‘जोसेफ असें म्हणाला’ असें जें होतें, त्याचें ‘मी असें म्हणालों’ असें रूपांतर करून सर्व मजकूर संस्थापकाच्या तोंडीं घातला. यांत फसविण्याची बुद्धि होती असें म्हणवत नाहीं. त्या काळीं ती लेखनाची एक मान्य रीत होती. पण पुढें तो ग्रंथ छापून निघाल्यावर वाचकांनीं प्रथमपुरुषीं वाक्य दिसलें कीं तें स्मिथचेंच म्हणून धरिलें. मूळ रोजनिशी उपलब्ध होत्या म्हणून डीन जेसी या अभ्यासकास इ. स. १९७१ मध्यें ही घडण उलगडून दाखवितां आली, पुढें इ. स. २००८ ते २०२३ या काळांत मूळ कागदांचे खंड छापूनच निघाले.

बारा वर्षांत, कागद व छापखाना हाताशीं असतां, साक्षीदारांच्या समक्ष जर ‘तो’ चा ‘मी’ होऊं शकतो, तर अडीच शतकांच्या मौखिक परंपरेंत ‘नामा म्हणे’ या दोन शब्दांवर किती भार टाकावा याचा विचार सुज्ञांनीं करावा. दोन्ही संप्रदायांत साम्य आहे असें मला म्हणावयाचें नाहीं. साम्य आहे तें आद्य पुरुषांच्या चरित्रांची घडण होण्याच्या रीतींत.

५. आपल्याच घरची कसोटी

यावर कोणी म्हणेल कीं, तेराव्या शतकांतील चरित्रांस असली काटेकोर कसोटी लावणें अन्याय्य आहे. त्यास उत्तर महानुभावांनीं देऊन ठेवलें आहे. म्हाइंभटांनीं श्रीचक्रधरांच्या लीळा शके १२०० च्या सुमारास जमविल्या, त्या ज्यानें पाहिलें वा ऐकलें त्याला विचारून. पुढें मूळ प्रत धाडींत नष्ट झाली, तेव्हां निरनिराळ्या शिष्यांच्या स्मरणांतून ती पुन्हा उभी केली गेली. आणि एका लीळेविषयीं दोघांचें स्मरण भिन्न पडलें तर तो भेद ‘वासना’ म्हणून नोंदून ठेवण्याची चाल त्या पंथांत पडली. पाठभेद पुसून न टाकतां त्यास जागा देणें ही शिस्त आपल्या भाषेंत सात शतकांपूर्वीं होती. तेव्हां ही कसोटी बाहेरून आणलेली नाहीं. वारकरी परंपरा कीर्तनाची, म्हणून तिच्यांत ही शिस्त आली नाहीं. कीर्तनांत श्रोत्यांस एकच ठाम कथा लागते.

६. निर्णय

या सर्वांवरून गोरोबांविषयीं काय उरतें ? माझ्या मतें पुष्कळच उरतें. ते तेरचे, जातीनें व धंद्यानें कुंभार, आणि ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यांतील मान्य वडील, या तीन गोष्टींवर सर्व थरांची एकवाक्यता आहे. दोन प्रसंगांपैकीं परीक्षेचा प्रसंग मला अधिक जुना वाटतो. त्याचें कारण असें कीं, ज्यांच्या नांवावर ही परंपरा गायिली जाते त्या नामदेवांचाच त्यांत पाणउतारा आहे. भक्तमंडळी आपल्या आवडत्या पुरुषाविषयीं अशी गोष्ट निष्कारण रचीत नाहीं. याविरुद्ध, गुरूवांचून गति नाहीं हें ठसविण्यासाठीं व विसोबांकडे कथा नेण्यासाठीं ती रचली असेल, असा आक्षेप निघूं शकतो, व तो क्षुल्लक नाहीं. परंतु केवळ गुरूची थोरवी सांगावयाची असती तर निर्णय ज्ञानदेवांच्या वा निवृत्तिनाथांच्या मुखीं घालणें अधिक सोपें होतें. तो एका कुंभारास दिला, हें रचनेपेक्षां स्मरणाचें लक्षण दिसतें.

कथेंतील हत्यारहि पाहण्याजोगें आहे. भाजलेलें मडकें कच्चें कीं पक्कें हें कुंभार तें वाजवून, नादावरून ओळखतो. थापटणें हें अर्धवट सुकलेल्या मडक्यास ठोकून आकार देण्याचें साधन. कथेनें पारखण्याचें काम घडविण्याच्या हत्याराकडे दिलें आहे. कीर्तनकाराची ही गल्लत असेल. किंवा जें घडविलें जात आहे त्याचीच परीक्षा होत आहे, असा अर्थ मूळ सांगणाऱ्यास अभिप्रेत असेल. दुसरा अर्थ गोरोबांच्या बोधपर अभंगांशीं अधिक जुळतो.

चिखलाचा प्रसंग मातींत नाचण्याच्या एका साध्या वर्णनावर थरांमागून थर चढून वाढला असावा, असें अनुमान मी विद्वानांपुढें ठेवितों. त्यानें श्रद्धेस बाध येण्याचें कारण नाहीं. उलट, त्या एका प्रसंगाच्या दडपणाखालीं जो विचारवंत गोरोबा झांकला गेला, तो मोकळा होईल. अठरापगड जातींच्या मेळ्यांत न्यायासनावर एक कुंभार बसला होता, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासांत तुटलेल्या हातांच्या चमत्काराहून लहान नाहीं.

७. संग्राहकांस विनंति

हें अनुमान खरें कीं खोटें हें ठरविणें सर्वस्वीं हस्तलिखितांवर अवलंबून आहे. तेर, तुळजापूर, कळंब, परंडा या बाजूच्या घराण्यांतून व मठांतून जीं बाडें मिळतील, त्यांत गोरोबांचे अभंग कोणत्या क्रमानें व कोणत्या मुद्रेनें येतात हें पाहावयास हवें. कीर्तनकाराच्या बाडांत अभंगांचा क्रम हाच एक पुरावा असतो. म्हणून संतवार पानें वेगळीं करणें, मुद्रा ‘शुद्ध’ करणें, अथवा उत्तम तेवढें उतरून घेऊन बाकीचें टाकणें हें कटाक्षानें टाळावें. जोसेफ स्मिथच्या इ. स. १८३२ च्या आत्मवृत्ताचीं तीन पानें कोणी मूळ वहींतून कापून वेगळीं केलीं होतीं. पुढें तीं त्या वहीचींच म्हणून ओळखलीं गेलीं, हें सुदैव. आपल्या बाडांस असें सुदैव नेहमीं लाभेल असें नाहीं.

तसेंच बाड कोणत्या गांवीं, कशा परिस्थितींत मिळालें याची नोंद त्याच दिवशीं करावी. मिळकतीची नोंद नसलेला कागद कितीहि मनाजोगा असला तरी संशयास्पदच समजावा. मार्क हॉफमन नांवाच्या इसमानें मॉर्मन पंथाच्या आरंभकाळचे बनावट कागद रचून खुद्द पंथास व संग्राहकांस विकले. प्रकरण अंगाशीं येतांच इ. स. १९८५ मध्यें बाँबनें दोघांचे प्राण घेतले. ज्यास जें सांपडावें असें वाटत होतें तेंच त्यानें त्यास पुरविलें. आपल्याकडेहि उद्यां कोणी ‘गोरोबांच्या स्वहस्ताचें पान’ घेऊन आल्यास आनंदून जाण्यापूर्वीं गोरोबांचीच रीत आठवावी : आधीं ठोकून पाहावें, आणि नाद पक्का आला तरच तें मडकें घरांत घ्यावें.