नाण्यावरील सन आणि नाणें पाडल्याचा काल

कंपनी सरकारच्या रुप्याच्या नाण्यांच्या ज्या याद्या संग्राहक तयार करितात, त्यांतील एका दोषाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. नाण्यावर दिसतो तोच सन तें पाडल्याचा, असें त्यांत बहुधा गृहीत धरिलेलें असतें. कंपनीच्या नाण्यांस हा नियम लागू पडत नाहीं.

मुर्शिदाबादी शिक्का रुपया घ्या. त्यावर शाह आलमाचा जुलूस सन १९, म्हणजे सुमारें इ. स. १७७७-७८, आढळतो. परंतु १७९३ च्या कायद्यानें हाच सन कायम झाला व कलकत्त्याच्या टांकसाळींतून एकोणिसाव्या शतकांतहि तो निघत राहिला. बादशहा १८०६ सालीं वारला, तरी नाणें बदललें नाहीं. कारण उघड आहे. सराफ जुन्या सनाच्या रुपयावर बट्टा घेत; सन गोठवितांच नवें-जुनें ओळखण्याचें साधन त्यांच्या हातून गेलें. अर्थात् हा अंक कालनिर्देश नसून व्यवहारांतील युक्ति होय. फरुखाबादी रुपयाचा सन ४५ व मुंबईंत पाडलेल्या सुरती रुपयाचा सन ४६ हेहि असेच गोठलेले.

पोथ्यांच्या अभ्यासकांस हें नवें वाटूं नये. नकलकार मूळ प्रतीची पुष्पिका शकासह उतरवितो, तेव्हां हातांतील पोथीचा काल आम्ही कागद व वळण यांवरून ठरवितों. येथें कागदाची जागा कांठ घेतो. यंत्रानें पाडलेल्या सन १९ च्या रुपयांत कांठावरील रेघा आधीं तिरप्या, मग उभ्या, शेवटीं कांठ साधा, असा क्रम आहे.

१८३५ सालीं १८० ग्रेन वजनाचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा रुपया सर्वत्र एक झाला, तरी ही खोड गेली नाहीं. १८४० हा सन १८६१ पर्यंत आणि १८६२ हा १८७४ पर्यंत चालला. पैकीं मुंबईच्या रुपयांचीं वर्षें मागील बाजूच्या ठिपक्यांवरून लावितात.

हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे. पुरलेल्या ठेव्याचा काल त्यांतील सर्वांत नव्या नाण्यावरून ठरतो. सन १९ शब्दशः घेतल्यास तो प्रसंगीं अर्धें शतक मागें जाईल, व त्यावर रचिलेला वाड्याचा किंवा घराण्याचा इतिहासहि चुकेल.

संग्राहकांचे श्रम आम्ही कमी लेखीत नाहीं. त्यांनीं 'अंकित सन' व 'अनुमित काल' असे दोन रकाने ठेवावे, वजन, कांठ व ठिपके नोंदावे, आणि चिंच-राखेनें नाणें उजळूं नये. त्या घांसण्यांत पुरावाच पुसला जातो.